भाषासंस्थेतील शिक्षक आणि कार्यालय: या चुका टाळा

पुण्यात डेक्कन, सदाशिव पेठ, कोथरूड या भागांत जर्मन आणि जपानी शिकविणाऱ्या लहान-मोठ्या खासगी संस्था पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी कोणत्याही संस्थेत नवी बॅच सुरू होण्याच्या शनिवारी सकाळी अर्धा तास थांबले, तरी शिक्षक आणि कार्यालय यांच्यातील बेबनाव कोठे उगवतो ते दिसते. शिक्षिका ए-२ म्हणजे खालून दुसऱ्या पातळीचे पुस्तक उघडते आणि पंधरा मिनिटांत तिच्या लक्षात येते की अकरापैकी तिघांना भूतकाळातील साधे वाक्यही जुळविता येत नाही. मधल्या सुट्टीत ती तडक काउंटरवर जाते. तेथे चौकशी आणि प्रवेश पाहणारी काउन्सेलर फोनवर असते आणि समोर दोन पालक उभे असतात. "यांना माझ्या वर्गात कोणी पाठवलं?" हा प्रश्न त्या पालकांसमोरच विचारला जातो, आणि पुढचे तीन महिने त्या दोघी एकमेकींशी कामापुरतेच बोलतात.

मी बारा वर्षे जर्मन शिकविले आणि त्यानंतर चार वर्षे समन्वयक म्हणून काउंटरच्या मागे बसले, त्यामुळे पुढे सांगितलेल्या चुकांपैकी बहुतेक मी दोन्ही बाजूंनी केलेल्या आहेत. अशा भांडणांचे खापर सहसा स्वभावावर फोडले जाते. अमुक मॅडम तिरसट आहेत, ऑफिसमधल्यांना भाषेतले काही कळत नाही, इत्यादी. माझ्या पाहण्यात मात्र बहुतेक वेळा कारण एकच निघाले: विद्यार्थ्याला शब्द एकाने दिलेला असतो आणि तो पाळायचा असतो दुसऱ्याने.

पातळी काउंटरवर ठरविणे

युरोप परिषदेने (कौन्सिल ऑफ युरोप) २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाक्षमतेच्या आराखड्यात ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या आहेत, आणि या पातळ्या विद्यार्थ्याला आज त्या भाषेत प्रत्यक्ष काय करता येते याचे वर्णन करतात. कोणे एके काळी मिळालेले प्रमाणपत्र त्यांत मोजलेले नसते. काउंटरवर मात्र प्रमाणपत्रच पाहिले जाते. तीन वर्षांपूर्वी ए-१ उत्तीर्ण झालेला आणि त्यानंतर भाषेचे तोंडही न पाहिलेला विद्यार्थी येतो, प्रमाणपत्र दाखवितो, ए-२ चे शुल्क भरतो, आणि पावती फाडली गेली की तो विषय कार्यालयापुरता संपतो. वर्गात तो तेथेच सुरू होतो.

यावर उपाय साधा आहे, पण त्यासाठी दोघांनी आपापला हट्ट सोडावा लागतो. दुसरीकडून किंवा खंडानंतर आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याशी शिक्षकाने पंधरा-वीस मिनिटे बोलावे, त्याच्याकडून एक परिच्छेद लिहून घ्यावा, आणि पातळीपुढे सही करावी. त्या सहीशिवाय कार्यालयाने शुल्क घेऊ नये. हे सांगितले की शिक्षक म्हणतात, "ॲडमिशन आमचे काम नाही," आणि कार्यालय म्हणते, "तोवर विद्यार्थी शेजारच्या क्लासला जाईल." दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच या चाचणीच्या वेळेचे मानधन शिक्षकाला दिले पाहिजे, आणि ती चौकशीच्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी फोनवर झाली पाहिजे. फुकट करावयास सांगितलेले काम पुढे ढकलले जाते आणि त्याचा दोष पुन्हा शिक्षकाच्या माथी येतो.

शिक्षकांकडून याच ठिकाणी होणारी मोठी चूक म्हणजे "तुम्ही चुकीच्या वर्गात आला आहात" हे विद्यार्थ्याला भर वर्गात सांगणे. तो माणूस अपमानित होऊन थेट काउंटरवर पैसे परत मागतो, आणि ज्या काउन्सेलरला काहीच ठाऊक नसते तिला तेथल्या तेथे उत्तर द्यावे लागते. आधी कार्यालयाला कळवावे, बॅचच्या दुसऱ्या दिवसाच्या आत बदल सुचवावा, आणि त्या दिवसापर्यंत शुल्काचे नुकसान न होता बॅच बदलता येईल हा नियम प्रवेशाच्या अर्जावरच छापावा. कार्यालयानेही एक गोष्ट शिक्षकांपासून लपवू नये, आणि ती म्हणजे किती विद्यार्थ्यांखाली बॅच तोट्यात जाते. जागेचे भाडे निघण्यासाठी आठ जण लागतात हे ज्या शिक्षिकेला माहीत असते, ती सातव्या आणि आठव्या विद्यार्थ्याबद्दल निराळ्या सुरात बोलते, असा माझा अनुभव आहे.

'तास' म्हणजे किती मिनिटे, हे न लिहिणे

ही चूक किरकोळ वाटते, परंतु मी पाहिलेले सर्वांत लांबलेले भांडण तिच्यावरून झाले. जर्मनच्या अध्यापनात तासिका ४५ मिनिटांची धरण्याची पद्धत आहे. जर्मनच्या परीक्षा घेणारी ग्योटे इन्स्टिट्यूट ए-१ परीक्षेच्या तयारीसाठी ८० ते २०० तासिका सांगते, त्या ४५ मिनिटांच्याच. मी शिकवीत असलेल्या एका संस्थेच्या माहितीपत्रकावर '१२० तास' असे छापले होते आणि माझ्या करारात '१२० तासिका' असे होते. मी १२० तासिका पूर्ण करून बॅच संपविली. वर्गातील एका अभियंत्याने प्रत्येक दिवसाची नोंद ठेवलेली होती; त्याने घड्याळी हिशेब मांडून दाखविला की वर्ग ९० तासच भरला आहे आणि ३० तास बाकी आहेत. मी म्हणाले, माझे काम झाले. कार्यालय म्हणाले, मॅडमनी तास बुडविले. कागदावर दोघेही बरोबर होतो. शेवटी दहा रविवारी तीन-तीन तास जास्तीचे वर्ग घ्यावे लागले, आणि त्यांच्या मानधनाचे भिजत घोंगडे त्यानंतर आणखी दोन महिने पडून राहिले.

माहितीपत्रक, पावती आणि शिक्षकाचा करार या तिन्ही कागदांवर एकच शब्द आणि त्यापुढे मिनिटे लिहावीत. मधल्या दहा मिनिटांच्या चहाची वेळ त्यात धरली आहे की नाही, हेही लिहावे. हे लिहिताना हसू येते. न लिहिल्यास येत नाही.

परीक्षेची हमी देणे

"तीन महिन्यांत बी-१ होऊन जाईल" हे वाक्य चौकशीच्या फोनवर सहज निघून जाते. बी-१ पर्यंत पोहोचण्यासाठी ३५० ते ६५० तासिकांचा अंदाज दिला जातो, आणि त्या परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन व संभाषण असे चार भाग वेगवेगळे असून प्रत्येकात १०० पैकी ६० गुण मिळवावे लागतात. जर्मनीत असलेल्या पतीकडे किंवा पत्नीकडे जाणाऱ्यांना बहुधा व्हिसासाठी ए-१ लागते. अशा घरांत विमानाच्या तिकिटापर्यंतची गणिते या एका निकालावर बांधलेली असतात. तेथे दिलेला सैल शब्द निकालाच्या दिवशी शिक्षकाच्या अंगावर येतो.

जपानीच्या बाबतीत गोंधळ वेगळा असतो. जेएलपीटी ही जपानीच्या प्रावीण्याची परीक्षा जुलै आणि डिसेंबर महिन्यांच्या पहिल्या रविवारी होते, आणि तिच्यात संभाषणाची चाचणी नाही. "सहा महिन्यांत बोलायला लागाल" असे ऐकून आलेला विद्यार्थी एन-५ या तिच्या सर्वांत खालच्या पातळीच्या तयारीच्या वर्गात कांजी (जपानी चित्रलिपी) आणि व्याकरणाचे प्रश्न सोडवू लागला की त्याला आपण फसविले गेलो असे वाटते, आणि ही तक्रार तो शिक्षकापाशी करतो. शिवाय एन-५ उत्तीर्ण होण्यासाठी १८० पैकी ८० गुण पुरेसे असले तरी श्रवणात ६० पैकी किमान १९ मिळवावेच लागतात. हे काउन्सेलरला माहीत नसेल तर एकूण गुण चांगले असूनही नापास झालेल्याला ती काय सांगणार?

शिक्षकांनी काउंटरसाठी एक पानभर टिपण लिहून द्यावे: या पातळीला काय येते, काय येत नाही, परीक्षा केव्हा असते आणि घरी किती अभ्यास लागतो. हे पान दर वर्षी तपासावे. आणि हमी फक्त काउंटरवरच दिली जाते असेही नाही. डेमो लेक्चरमध्ये विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी पाच वाक्ये बोलावयास लावून "पाहा, किती सोपे आहे" असे म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. मीही त्यांतलीच होते.

व्हॉट्सॲप ग्रुपवर परस्पर ठरविणे

विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी पेठांतील रस्ते बंद असतात, म्हणून शिक्षक बॅचच्या ग्रुपवर वर्ग दुसऱ्या दिवशी ठेवतो. सर्व विद्यार्थी अंगठ्याचे चिन्ह टाकून होकार देतात. कार्यालयाने मात्र त्या वेळी तीच खोली दुसऱ्या बॅचला दिलेली असते, आणि कालच प्रवेश घेतलेली, अजून ग्रुपवर नसलेली मुलगी बंद दारापाशी येऊन उभी राहते. वेळ बदलण्याचा अधिकार शिक्षकाला जरूर असावा, पण निरोप विद्यार्थ्यांकडे कार्यालयामार्फतच जावा. गणपती आणि दिवाळी यांच्या सुट्ट्या तर बॅचच्या पहिल्याच दिवशी ठरवून टाकाव्यात, कारण त्या अचानक येत नाहीत.

कार्यालयाची याच्याच जोडीची चूक म्हणजे रात्री दहा वाजता "उद्या सकाळी आठची बॅच घ्याल का?" असा निरोप पाठविणे. बदली शिक्षक शोधावा लागणे हे अपरिहार्य असते; धडा कोठपर्यंत झाला आहे याची नोंद नसणे अपरिहार्य नसते. हजेरीच्या मस्टरमध्ये तारखेपुढे पान क्रमांक आणि दिलेला गृहपाठ एवढे दोन रकाने असले, तरी बदली शिक्षकाचा पहिला अर्धा तास वाचतो.

मानधनाविषयी मोघम बोलणे

बहुतेक शिक्षक तासिकेवर येतात. त्यांचे मानधन व्यावसायिक शुल्क म्हणून दिले जात असेल आणि त्यातून १० टक्के कर कापला जाणार असेल, तर ते पहिल्या भेटीतच सांगावे. पहिल्या महिन्याची रक्कम खात्यात कमी जमा झालेली दिसली की संशय येतो, आणि तो पुढे प्रत्येक गोष्टीत डोकावतो. वर्ग कोणामुळे रद्द झाला तर पैसे मिळतील आणि कोणामुळे रद्द झाला तर मिळणार नाहीत, हेही लिहून ठेवावे. विद्यार्थ्यांच्या बाबतीत हीच चूक शुल्कावरील १८ टक्के जीएसटी मागाहून वेगळा सांगण्याने होते. त्याची विचारणा वर्गात होते आणि शिक्षकाला उत्तर ठाऊक नसते.

झेरॉक्सच्या प्रती आणि संपलेले मार्कर यांवरूनही भांडणे होतात. त्यांना उपाय म्हणजे कपाटाची एक किल्ली शिक्षकांकडे देणे.

भांडण झालेच असेल तर

प्रथम विद्यार्थ्याचे काम मार्गी लावावे. दोष कोणाचा, हा प्रश्न तोवर थांबू शकतो. मग काय कबूल केले गेले आणि ते कोठे लिहिले आहे, एवढेच विचारावे. संचालकांनी एकाचे ऐकून निकाल देण्याची सवय सोडावी, कारण शिक्षक मधल्या सुट्टीत त्यांच्या खोलीत जाऊ शकतात, तर काउंटर सोडून काउन्सेलरला उठता येत नाही.

येथे एका अवघड गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. आपल्या संस्थांत शिक्षिकेला 'मॅडम' म्हटले जाते आणि तिच्याच वयाच्या काउन्सेलरला नावाने, पुष्कळदा एकेरीत हाक मारली जाते. शिक्षिका तीन तासांसाठी येते, काउन्सेलर सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत बसते, आणि तरीही "तुम्हाला व्याकरण कळत नाही" हे वाक्य तिलाच ऐकावे लागते. उलट बाजूने, घरी वह्या तपासण्यात गेलेले शिक्षिकेचे तास कार्यालयाला दिसत नाहीत, म्हणून "तीन तासांचे एवढे पैसे" असे बोलले जाते. हा अढीचा भाग नियम लिहून सुटत नाही. निदान दोघींना एकमेकींचे काम दिसण्याची सोय करता येते.

मी समन्वयक असताना आमच्या काउन्सेलरला सकाळच्या ए-१ बॅचमध्ये विनाशुल्क बसविले. तिला सहा महिने लागले, मध्ये दोनदा ती सोडून देणार होती, आणि लेखनाच्या सरावात तिला १०० पैकी ४१ गुण पडले तेव्हा ती रडली. त्यानंतर फोनवर ती तीन महिन्यांची हमी देईनाशी झाली. चौकशी आली की ती आधी विचारीत असे, "आठवड्यातून सहा तास घरी बसून अभ्यास करता येईल का तुम्हाला?"