पेंढ्याची उडवी, दुभती जनावरे आणि अल्प किरणोत्सर्ग

दिवाळीनंतर भाताची झोडणी उरकली की पालघर-डहाणू भागात पेंढ्याच्या उडव्या रचायला सुरुवात होते. या वर्षी त्यातला थोडा तरी पेंढा पत्र्याखाली ठेवावा, असा सल्ला आहे. तारापूरची अणुभट्टी जवळ आहे म्हणून आजचे दूध संशयास्पद ठरत नाही. परिसरातील दूध, गवत यांचे नमुने तेथील पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा नेमाने तपासते. प्रश्न आहे तो कधी अणुभट्टीत दुर्घटना घडलीच, तर त्यासाठीच्या पूर्वतयारीचा.

जपानमध्ये मार्च 2011 मध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली, तेव्हा आदल्या हंगामातील भाताचा पेंढा काही शेतांत उघड्यावरच पडून होता. पाऊस-बर्फाबरोबर किरणोत्सर्गी सीझियम त्या काड्यांवर बसले आणि गोठ्यात बांधलेल्या, बाहेर चरायलाही न गेलेल्या गुरांच्या पोटात वैरणीतून उतरले. जुलैमध्ये त्यांच्या मांसात किलोमागे 500 बेकरेल (किरणोत्सर्गीपणा मोजण्याचे एकक) या तेव्हाच्या मर्यादेहून अधिक सीझियम सापडले, आणि तोवर काही मांस बाजारात पोहोचलेही होते.

जनावराकडे पाहून हे ओळखता येत नाही. किरणोत्सर्गाच्या अल्प मात्रेने डीएनएला होणारी इजा पेशी बहुतांशी स्वतःच दुरुस्त करतात. गाय रवंथ करते, दूध देते, तिच्यात काही फरक दिसत नाही. गुरे दगावण्यासाठी काही ग्रे (शरीरात शोषल्या गेलेल्या किरणोत्सर्गाचे एकक) इतकी, म्हणजे कितीतरी पट मोठी मात्रा लागते. त्यातल्या त्यात नाजूक असतात ते पोटातला गर्भ आणि वासराची थायरॉइड ग्रंथी. दूध मात्र लगेच बाधित होते, कारण चाऱ्यावरचे आयोडीन-131 हे किरणोत्सर्गी आयोडीन दिवसभरातच दुधात उतरू लागते. ते दर आठ दिवसांनी निम्मे होते. सीझियम-137 निम्मे व्हायला 30 वर्षे लागत असली, तरी स्वच्छ वैरण सुरू केल्यावर जनावराच्या मांसातील त्याचे प्रमाण काही आठवड्यांतच निम्म्यावर येते.

म्हणून निदान पंधरा दिवस पुरेल इतका पेंढा आणि पेंड छपराखाली वेगळी ठेवावी, उघड्यावरची उडवी ताडपत्रीने पायथ्यापर्यंत झाकावी आणि पाण्याच्या टाकीला झाकण बसवावे. प्रशासनाने आणीबाणी जाहीर केलीच, तर गुरे चरायला सोडू नयेत, हिरवा चारा कापू नये, गव्हाणीत झाकलेलीच वैरण टाकावी. दूध विकण्याचा, वापरण्याचा किंवा ओतून देण्याचा निर्णय आदेशानुसार घ्यावा. आयोडीनच्या गोळ्या जनावरांना स्वतःच्या मनाने चारू नयेत.

एक गैरसमजही इथे दूर केलेला बरा. दूध आटले की मोबाइल टॉवरला बोल लावला जातो. त्या लहरी वेगळ्या जातीच्या असून त्यांच्यात अणूंचे आयनीकरण करण्याइतकी, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जा नसते. अशा वेळी आधी कासदाह, जंत आणि खनिज मिश्रणाची कमतरता यांची पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी.