स्पर्धेला आणि प्रदर्शनाला चित्र पाठवताना या चुका टाळा

किशोरवयीन विद्यार्थ्यांच्या चित्रस्पर्धांचे परीक्षण करताना बाद झालेल्या प्रवेशिकांचा गठ्ठा मी नेहमी एकदा चाळून पाहतो, आणि दरवेळी मन खट्टू होते. रेषेत जोर असलेली, रंगांची उत्तम जाण दाखवणारी काही चित्रे त्यात हमखास सापडतात. कुठे चौकट मर्यादेपेक्षा दोन सेंटिमीटरने मोठी झालेली असते, कुठे फोटो इतका धूसर असतो की मूळ चित्र कसे असेल याचा केवळ अंदाजच करावा लागतो. यातल्या बहुतेक चुका चित्र पूर्ण झाल्यानंतर घडतात आणि थोडी काळजी घेतली तर त्या टळतात.

नियमावली शेवटी वाचणे

विषय आणि अंतिम तारीख एवढेच पाहून कामाला लागणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. वयाची अट कोणत्या तारखेला मोजली जाते, दिलेला आकार कागदाचा आहे की चौकटीसह आहे, सही चित्राच्या दर्शनी बाजूस चालते का, हे प्रश्न पहिली रेघ ओढण्यापूर्वीच सोडवायला हवेत. अमेरिकेत १९८२ पासून लोकप्रतिनिधी-सभागृहाच्या पुढाकाराने शालेय विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या काँग्रेशनल आर्ट कॉम्पिटिशनमध्ये आकाराची कमाल मर्यादा चौकटीसकट मोजली जाते. अशा ठिकाणी कागदच मर्यादेइतका मोठा घेतला, तर माउंट (चित्राभोवती लावतात ती पुठ्ठ्याची किनार) आणि चौकट लावायला जागाच उरत नाही. जिथे परीक्षकांना स्पर्धकाचे नाव कळू द्यायचे नसते, तिथे कोपऱ्यातली ठसठशीत सही चित्राला अडचणीत आणते. नाव, वय आणि शीर्षक मागच्या बाजूस लिहावे, तेही चिठ्ठीवर आधी लिहून मग ती चिकटवावी. कागदावर थेट बॉलपेनने लिहिल्यास अक्षरांचे वळ पुढच्या बाजूला उमटतात.

दुसऱ्याचा फोटो आणि दुसऱ्याचा हात

सर्वांत जास्त नुकसान या दोन गोष्टींनी होते, म्हणून त्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

इंटरनेटवर सापडलेले छायाचित्र समोर ठेवून हुबेहूब काढलेले व्यक्तिचित्र कितीही सफाईदार असले, तरी त्यातली प्रकाशयोजना, कोन आणि चेहऱ्यावरचा भाव छायाचित्रकाराने निवडलेला असतो. वर उल्लेखलेल्या स्पर्धेत इतरांच्या छायाचित्रावरून, चित्रावरून किंवा जाहिरातीवरून केलेली नक्कल नियमबाह्य ठरते, आणि इतर अनेक स्पर्धांतही अशीच अट असते. उपाय अवघड नाही. संदर्भासाठी फोटो हवाच असेल तर तो स्वतः काढावा, आणि त्याच विषयाची प्रत्यक्ष पाहून केलेली तीन-चार रेखाटने जवळ ठेवावीत. कधी शंका उपस्थित झाली, तर ही रेखाटनेच विद्यार्थ्याची बाजू मांडतात. संगणकीय कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या प्रतिमांबाबतचा नियमही आधीच तपासावा. मनाई असेल, तर रचना सुचवून घेण्यापुरताही तिचा वापर टाळलेला बरा.

मोठ्यांच्या हाताबद्दल मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यामागे मायाच असते. एका चित्रात खिडकीशी बसलेली वृद्ध स्त्री होती. तिच्या वस्त्राच्या चुण्या चाचपडत, दोनदा खोडून पुन्हा काढलेल्या होत्या. खोडरबराने कागद जिथे खरवडला होता तिथे रंग थोडा गडद बसला होता. चेहरा मात्र सरावलेल्या हाताने गुळगुळीत छटांत उतरवलेला होता. दोन हात एका कागदावर स्पष्ट दिसत होते आणि चित्राला गुण देणे कठीण झाले. मला विचाराल तर त्या चुण्याच चित्राचा जीव होत्या. १९२३ मध्ये सुरू झालेल्या, अमेरिकेतल्या किशोरवयीनांसाठीच्या स्कोलॅस्टिक आर्ट अँड रायटिंग अवॉर्ड्स या कला-लेखन स्पर्धेत कौशल्य आणि नावीन्य यांच्या जोडीला विद्यार्थ्याचा स्वतःचा सूर उमटला आहे का, हेही पाहिले जाते. शिक्षकांनी आणि पालकांनी प्रश्न विचारावेत, चूक कुठे आहे ते बोटाने दाखवावे, हवे तर वेगळ्या कागदावर करून दाखवावे. मुलाच्या कागदाला ब्रश लावू नये.

फोटोत रंग बिघडणे

पहिली फेरी आता बहुधा फोटोंवरच होते, त्यामुळे फोटो वाईट आला तर चांगले चित्रही मागे पडते. रात्री खोलीतल्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत पांढरा कागद पिवळट दिसतो, आणि फ्लॅश वापरला तर अॅक्रिलिकवर चकाकीचा डाग पडतो. दिवसा, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळ चित्र भिंतीवर सरळ लावावे, कॅमेऱ्याचे भिंग चित्राच्या बरोबर मध्यासमोर धरावे आणि थोडे मागे सरकून झूम करावे. फार जवळून फोटो काढला तर चित्राच्या कडा वाकतात. फोटोत चित्र एका बाजूला निमुळते दिसत असेल, तर कॅमेरा तिरका धरला होता असे समजावे. ए३ आकाराचे चित्र ३०० डीपीआयने (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) छापायचे असेल तर सुमारे ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. मोबाइलवरून साध्या संदेशात पाठवलेली प्रतिमा वाटेत आक्रसते, म्हणून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. रंग खुलवण्यासाठी फिल्टर लावू नये. मूळ चित्र प्रदर्शनात पोहोचले की फरक उघडा पडतो.

माध्यमांच्या अडचणी

कोळशाचे किंवा पेस्टलचे चित्र फिक्सेटिव्ह (रंगाची भुकटी कागदावर पक्की धरून ठेवणारा फवारा) न मारता गुंडाळले, तर उघडताना अर्धी छटा मागच्या कागदावर गेलेली असते. फिक्सेटिव्ह हवेशीर जागी, हात लांब धरून, पातळ थरांत दोन-तीनदा मारावे. एकदम भरपूर मारल्यास छटा काळवंडतात, म्हणून आधी रद्दी कागदावर पाहावे.

पातळ कागदावर जलरंग वापरल्याने कागद लाटांसारखा उठतो. सुमारे ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद घेतला, किंवा हलका कागद आधी ओला करून पाटावर चिकटवून ताणून घेतला, तर हा त्रास बराच कमी होतो. लाटा पडल्याच असतील, तर मागची बाजू अगदी किंचित ओलसर करून चित्र स्वच्छ टिपकागदांत ठेवावे आणि वर रात्रभर सपाट वजन ठेवावे. पेस्टलवर हा प्रयोग करू नये.

तैलरंग वरून कोरडे वाटले तरी आतून ओले असतात, आणि जाड थर असेल तर पूर्ण सुकायला कित्येक महिने लागतात. अंतिम तारखेच्या आठवडाभर आधी तैलचित्र सुरू करणे म्हणजे ओले चित्र पाठवणेच होय. अॅक्रिलिक लवकर सुकते, पण उष्णतेत मऊ पडते; फुग्यांचा प्लास्टिक कागद थेट त्यावर गुंडाळला तर गोल-गोल ठसे कायमचे उमटतात. आधी ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद, मग पुठ्ठा आणि शेवटी प्लास्टिक, असा क्रम ठेवावा.

काच थेट चित्राला टेकवू नये. दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि तो सोडवताना रंग निघतो. माउंटमुळे राहणारी फट त्यासाठीच असते.

शीर्षक आणि निवेदन

‘सौंदर्य’, ‘स्वप्न’ अशी शीर्षके कोणत्याही चित्राला लागू पडतात, म्हणून ती काहीच सांगत नाहीत. चित्रासोबत द्यायचे निवेदनही मोठ्यांच्या भाषेत लिहून घेऊ नये. ‘संध्याकाळी भिंतीवर पडणारी सावली पाच दिवस पाहून मी तिची जागा तीनदा बदलली,’ असे एक वाक्य परीक्षकाला चित्राकडे परत वळवते.

चित्र पाठवण्यापूर्वी त्याचा चांगला फोटो स्वतःजवळ ठेवावा आणि परत मिळण्याची तारीख व पद्धत लिहून घ्यावी. प्रदर्शन संपल्यावर चित्र ताब्यात घेताना ते तिथेच उघडून कोपरे आणि काच पाहावी; घरी नेल्यावर दिसलेले नुकसान कुठे झाले, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.