विद्यार्थ्यांना नागरी कामात उतरवताना या चुका टाळा

25 जानेवारी जवळ आला की महाविद्यालयांत धावपळ सुरू होते. राष्ट्रीय मतदार दिन: प्रभातफेरी, शपथ, घोषवाक्यांचे फलक, बॅनरपुढे फोटो. अहवाल विद्यापीठाला जातो. पण शपथ घेणाऱ्या किती मुलांची नावं मतदार यादीत आहेत, हे कुणी विचारत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघणाऱ्या प्राध्यापकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: मुलांच्या हातात असं काम द्या, ज्याचं उत्तर कचेरीला द्यावंच लागेल.

नमुना 6 वाटून मोकळं होणं

नमुना 6 म्हणजे मतदार यादीत नव्याने नाव नोंदवण्याचा अर्ज. बहुतेक उत्साह इथेच मावळतो. मुलगा अर्जात वसतिगृहाचा पत्ता लिहितो आणि पुरावा म्हणून गावच्या पत्त्याचं आधार कार्ड जोडतो. अर्ज फेटाळला जातो आणि तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. किमान एक वर्षाच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं. त्यासाठी प्राचार्यांच्या सहीचं बोनाफाईड जोडायचं असतं. ही बोनाफाईड कार्यालयातून आधीच एकगठ्ठा काढून ठेवा. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारे अधिकारी, पडताळणीला येतात तेव्हा मुलं तासाला बसलेली असतात, म्हणून अर्जदारांची यादी रेक्टरकडे द्या आणि जमलं तर बीएलओंना संध्याकाळी यायची विनंती करा.

ज्याचं नाव गावच्या यादीत आधीच आहे त्याने पुन्हा नमुना 6 भरायचा नाही. पत्ता बदलायला नमुना 8 आहे, आणि दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदा आहे. तरी नाव हलवायच्या आधी त्याच्याशी जरा बोला. गावच्या मतदार यादीतला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. नाव शहरात आलं की तो हक्क सुटतो. सुट्टीला नेमाने गावी जाणाऱ्या, तिथल्या पाणी योजनेबद्दल तळमळीने बोलणाऱ्या मुलाने नाव गावीच ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अठरा पूर्ण झाल्यावर पुढच्या जानेवारीची वाट बघायला लावणं ही जुनी सवयही सोडा. 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत (त्या तारखेला अठरा पूर्ण असले की नाव नोंदवता येतं), आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो.

माहिती अधिकारात निबंध लिहिणं

‘आमच्या कॉलेजसमोरच्या फूटपाथची दुरवस्था का झाली?’ असा अर्ज मुलं मोठ्या पोटतिडकीने लिहितात. या कायद्यात कचेरीकडे असलेले कागद मिळतात, ‘का’ची उत्तरं मिळत नाहीत. तोच अर्ज असा लिहायला लावा: अमुक चौक ते महाविद्यालयाचं फाटक या फूटपाथच्या शेवटच्या कामाच्या कार्यादेशाची प्रत, कंत्राटदाराचं नाव, अदा केलेली रक्कम, दोषदायित्व कालावधी (कामातल्या दोषांची जबाबदारी कंत्राटदारावर असते ती मुदत) संपण्याची तारीख. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत हवा; 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं. दोषदायित्व कालावधी संपलेला नसेल तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. हे कळल्यावर मुलं पुढचं पत्र काय लिहायचं ते स्वतःच ठरवतात, तिथे आपण मध्ये पडू नये.

‘राजकारण नको’ म्हणून दार लावणं

1989 पासून अठराव्या वर्षी खासदार निवडायला लायक ठरलेल्या मुलांना मेसचा ठेका कुणाला द्यायचा याबद्दल आपण विचारतही नाही. राज्यातल्या महाविद्यालयांतल्या थेट विद्यार्थी निवडणुका 1990च्या दशकात हिंसाचारामुळे बंद झाल्या; 2016च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा आणली. भीती समजू शकते. पण मेस समितीची निवडणूक, तिचा हिशेब सूचनाफलकावर आणि वर्षअखेर तिला जाब विचारण्याची सभा, एवढं तर कुठलंही वसतिगृह उद्यापासून करू शकतं.

तास भरण्यासाठी काम

सेवा योजनेत वर्षाला 120 तास भरायचे असतात. हजेरीपुरता झाडू हातात घेतलेल्या मुलाला महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात तक्रारीच्या पाठपुराव्याला पाठवा आणि ते तासही धरा.

फाईल मुलांबरोबर जाणं

माहिती अधिकाराच्या अर्जाला 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करायचं असतं. फेब्रुवारीत केलेल्या अर्जाची ही मुदत नेमकी परीक्षांच्या गर्दीत संपते आणि तिसऱ्या वर्षाची मुलं निघून जातात. म्हणून प्रत्येक अर्जावर तिसऱ्या वर्षाच्या मुलासोबत दुसऱ्या वर्षाची एक मुलगी किंवा मुलगा पहिल्या दिवसापासून ठेवा, पोचपावतीची प्रत विभागात ठेवा, आणि अपिलाची शेवटची तारीख फाईलच्या कव्हरवरच लिहा.