पाईल फाउंडेशन : खानदेशातल्या जमिनीत या चुका टाळा

पाईल म्हणजे जमिनीत खोल बोअर (उभं भोक) खोदून, त्यात गजांचा पिंजरा आणि काँक्रीट घालून केलेला पायाचा खांब. तापीकाठचा खोल गाळ, धुळे-साक्रीकडचा काळा पाषाण आणि सातपुड्याच्या पायथ्याचे गोटे या तीन वेगळ्या जमिनी आहेत. एका साइटवर जमलेली पद्धत तशीच्या तशी दुसरीकडे उचलून नेणं ही पहिली चूक, आणि पुढच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात.

गोट्याला खडक समजणं

खोदाईची बकेट खरखरली, चिझल (खडक फोडायची जड छिन्नी) उसळली की ‘खडक लागला’ म्हणून बोअर थांबवला जातो. पायथ्याच्या पट्ट्यात तो बहुतेक वेळा मोठा गोटा असतो आणि त्याखाली पुन्हा वाळू-माती असते. धुळे-नंदुरबारकडे फसगत वेगळी. तिथे जमिनीत उभ्या घुसलेल्या डाइकमुळे (लाव्ह्याच्या कठीण भिंतींमुळे) काही मीटरच्या अंतरात खडकाची पातळी बदलते. शिवाय कठीण थराखाली लाल मातीचा मऊ थर निघू शकतो. म्हणून माती-तपासणीचा बोअर पाईलच्या तळापेक्षा निदान तीन व्यास खाली गेलेला हवा. चिझलमधून निघणारे तुकडे त्या तपासणीत काढलेल्या खडकाच्या नमुन्याशी (कोअरशी) ताडून पाहा आणि दर अर्ध्या तासाला किती सेंटीमीटर उतरलं ते लिहून ठेवा. खऱ्या खडकात हा वेग सॉकेटच्या (पाईलच्या खडकात रुतणाऱ्या भागाच्या) पूर्ण लांबीत मंदच राहतो. मध्येच चिझल भरकन खाली गेली, तर अजून तळ आलेला नाही.

बेंटोनाइटची पातळी सोडून देणं

बोअरच्या भिंती धरून ठेवते ती बेंटोनाइटची (बोअरमध्ये भरलेल्या खास चिकणमातीच्या पातळ मिश्रणाची) उंची. भूजलपातळीपेक्षा ती कमीत कमी दीड मीटर वर ठेवा. ताज्या मिश्रणाची घनता पाण्याच्या तुलनेत 1.05 च्या आसपास आणि मार्श फनेलमधून (दाटपणा मोजायच्या नरसाळ्यातून) गळण्याचा वेळ 30 ते 60 सेकंद असावा. पायथ्याकडे पाणी खूप खोल असतं आणि गोट्यांच्या फटीतून बेंटोनाइट पाहता पाहता निघून जातं. पातळी अचानक उतरली तर खोदाई थांबवा, आधी भर घाला आणि मिश्रण दाट करा. तरीही थांबलं नाही तर चिकणमातीने तेवढा भाग भरून पुन्हा खोदा किंवा केसिंग (बोअरला आधार देणारा लोखंडी पाईप) पुढे न्या.

रावेर, यावल, चोपड्याच्या गाळात गोष्ट उलटी आहे. तिथे खडक बहुतेक ठिकाणी आवाक्याबाहेर असतो आणि पाईल मुख्यतः बाजूच्या घर्षणावर भार पेलतो. खोदलेला बोअर रात्रभर तसाच उभा ठेवला तर भिंतीवर बेंटोनाइटचा जाड लेप बसतो आणि नेमकं तेच घर्षण कमी होतं. खोदाई, पिंजरा आणि काँक्रीट एकाच दमात उरका.

पिंजरा उतरवल्यावर पुन्हा फ्लशिंग न करणं

पिंजरा उतरताना भिंत खरवडते आणि तळाशी गाळ साचतो. ट्रेमी (तळापर्यंत काँक्रीट पोचवणारा पाईप) बसवल्यावर पुन्हा फ्लशिंग करा, म्हणजे ताजं बेंटोनाइट फिरवून गाळ बाहेर काढा. तळातून काढलेल्या नमुन्याची घनता 1.2 च्या वर असेल तर काँक्रीट सुरू करू नका. मुख्य गजांमध्ये 100 मिमी मोकळी जागा सोडा. ती कमी असेल तर काँक्रीट पिंजऱ्याच्या आतच चढतं आणि कव्हरच्या (गजांबाहेरच्या काँक्रीटच्या) जागी चिखल उरतो.

ट्रेमीतल्या चुका

पाईल सर्वांत जास्त इथे बिघडतो. पाईप किमान 200 मिमीचा, जोड पाणी न झिरपणारे आणि स्लम्प (ओल्या काँक्रीटच्या प्रवाहीपणाचं माप) 150 ते 200 मिमी असावा. एक मीटर व्यासाच्या, 20 मीटर खोल बोअरमध्ये पाईपचं तोंड तळापासून 30 सेंटीमीटर वर असेल आणि ते पहिल्याच झटक्यात मीटरभर बुडवायचं असेल, तर पाईपमधलं धरून साधारण 1.3 घनमीटर काँक्रीट एकदम उतरलं पाहिजे. अर्ध्या घनमीटरचं हॉपर (पाईपवरचं नरसाळं) भरून मग मिक्सरची वाट पाहिली, तर तळात चिखल मिसळलाच म्हणून समजा.

पुढे पाईपचं तोंड सतत दोन मीटर तरी बुडालेलं ठेवा. प्रत्येक मिक्सरनंतर वजन बांधलेल्या टेपने काँक्रीटची पातळी मोजा. अशा पाईलमध्ये एका मिक्सरचं 6 घनमीटर काँक्रीट सुमारे 7.6 मीटर चढतं. पाचच मीटर चढलं तर भिंत ढासळून पोकळी झाली आहे किंवा काँक्रीट गोट्यांत शिरतंय. यात खर्च वाढतो, पण पाईल सहसा वाचतो. नऊ-दहा मीटर चढलं तर खरी काळजी करा, कारण बोअर आकुंचला आहे किंवा माती आत आली आहे. ती खोली नोंदीत लिहा, म्हणजे इंटिग्रिटी टेस्टचा (पाईल अखंड आहे का ते पाहणाऱ्या चाचणीचा) आलेख वाचताना कुठे पाहायचं ते कळेल.

पाईप काँक्रीटच्या बाहेर आला तर तो पुन्हा खुपसून काम पुढे रेटू नका. सुरुवातीच्या दोन-तीन मीटरमध्येच झालं असेल तर पिंजरा काढून बोअर साफ करा आणि नव्याने सुरू करा. वर झालं असेल तर निर्णय डिझाइन इंजिनिअरचा. बहुधा बदली पाईल द्यावा लागतो.

मे महिन्यात दुपारी ओतणं

जळगाव-भुसावळात पारा 45 च्या घरात जातो आणि स्लम्प वाटेतच पडतो. ओतताना काँक्रीटचं तापमान 40 अंशांच्या आत ठेवा, रिटार्डरची (काँक्रीट घट्ट होणं लांबवणाऱ्या रसायनाची) चाचणी आधी करा आणि काम रात्री घ्या. वर उदाहरणात घेतलेल्या 20 मीटरच्या पाईलला तीन मिक्सर लागतात. दुसरा गेटवर आल्याशिवाय पहिला उघडू नका, तिसरा तोवर वाटेत असावा. पाणी मारून स्लम्प वाढवणं मात्र कुणालाही करू देऊ नका.

वरचं टोक आणि काळी माती

कट-ऑफच्या (पाईल जिथे संपवायचा त्या पातळीच्या) वर 600 ते 900 मिमी जादा काँक्रीट चढवा, कारण वरच्या थरात बेंटोनाइट मिसळलेलं असतं. हा भाग शेवटी हलक्या हत्याराने फोडा, जड ब्रेकरच्या आडव्या माराने खालच्या चांगल्या काँक्रीटलाही तडा जातो. काळ्या मातीत प्लिंथ बीमखाली (जोत्याच्या तुळईखाली) पोकळी सोडा, नाहीतर पावसाळ्यात फुगलेली माती बीम उचलते.