पिवळा धोत्रा : रब्बी हंगामात मोहरी उत्पादकांनी घ्यावयाची काळजी

पावसाळा सरून हवेत गारवा आला की पडीक रानात, बांधांवर आणि रब्बीच्या पिकांत पिवळा धोत्रा उगवू लागतो. खसखशीच्या कुळातील ही वर्षायू काटेरी वनस्पती मूळची मेक्सिकोकडची असून कोरड्या, निकस जमिनीतही ती सहज तग धरते. निळसर हिरव्या पानांवरील पांढुरक्या शिरा, पिवळी फुले आणि देठ मोडताच निघणारा पिवळा चीक यांवरून ती ओळखावी. जनावरे तिला तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराईने ती आटोक्यात येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

गव्हात किंवा हरभऱ्यात हे तण पिकाचे पाणी व अन्नद्रव्ये खाते. मोहरीत मात्र त्याचे बी थेट धान्यात मिसळते आणि ते मोहरीसारखेच दिसते. अशा मोहरीच्या तेलात सँग्विनारिन हे विषारी द्रव्य उतरते. त्याने पायांवर सूज येते, धाप लागते आणि हृदयावरही परिणाम होतो. १९९८ मध्ये दिल्लीत अशा भेसळयुक्त तेलामुळे पसरलेल्या साथीत साठहून अधिक माणसे दगावली. उत्पन्नातील घटीपेक्षा याच कारणासाठी मोहरीच्या शेतात एकही झाड बोंडावर येऊ न देणे आवश्यक आहे.

पेरणीसाठी खात्रीचे, स्वच्छ बियाणे घ्यावे. रोपे लहान असताना, जमीन वाफशावर असेल तेव्हा, हातमोजे घालून ती सोटमुळासह उपटावीत. नुसता शेंडा छाटून काम भागत नाही. मोहरी हे रुंद पानांचे पीक असल्याने गव्हात चालणारे २,४-डी हे तणनाशक येथे फवारू नये, कारण तणाबरोबर पीकही जाते. बोंडे वाळली की टोकाकडून उकलतात व बी सांडते, म्हणून बोंडे धरलेली झाडे पोत्यात भरूनच शेताबाहेर न्यावीत आणि ती शेणखताच्या खड्ड्यात टाकू नयेत. बांधावरची झाडेही सोडू नयेत.

कापणीपूर्वी शेतात एक फेरी मारावी. मळणीनंतर मूठभर दाणे कागदावर पसरून संशयित दाणे फोडून पाहावेत : मोहरीचा गर पिवळा असतो, धोत्र्याचा पांढरा. मोहरीचा दाणा गुळगुळीत लागतो, धोत्र्याचा खरबरीत. भेसळ आढळलेला माल घाण्यावर नेऊ नये; त्याची पेंड जनावरांना किंवा ते दाणे कोंबड्यांनाही घालू नयेत.