दार्जिलिंगला जाताय? या चुका टाळा

मुंबई-पुण्याकडून दार्जिलिंगला जाणाऱ्यांची सहल बहुतेक वेळा वेळेच्या हिशेबात फसते. कोणत्या महिन्यात जायचं, किती वाजता पोहोचायचं, कोणत्या वारी काय बंद असतं, हे सगळं आपण आपल्याकडच्या सवयीने ठरवतो.

दुपारचं विमान

दार्जिलिंग मुंबईच्या बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ देशभर एकच. त्यामुळे सूर्य तिथे साधारण तासभर आधी उगवतो. मावळतीचा फरक थंडीत आणखी वाढतो. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तिथे पावणेपाचलाच. तीन वाजता बागडोगरा विमानतळावर उतरलात, तर सामान घेऊन गाडीत बसेपर्यंत चार वाजतात. पुढचा सुमारे 70 किलोमीटरचा घाट तीन ते साडेतीन तासांचा असतो, म्हणजे त्यातला बहुतेक भाग अंधारात आणि धुक्यात. संध्याकाळनंतर शेअर जीपही मिळेनाशा होतात. मग मिळेल त्या दराने अख्खी गाडी रिझर्व्ह करावी लागते.

म्हणून दुपारी बाराच्या आत बागडोगऱ्याला किंवा न्यू जलपाईगुडी रेल्वे स्टेशनला पोहोचवणारं तिकीट घ्या. तसं मिळत नसेल तर पहिली रात्र घाटाच्या पायथ्याच्या सिलिगुडीत काढा आणि सकाळी सातला निघा. घाट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यावी. वळणं सुरू झाल्यावर घेतली तर ती उलटीबरोबर बाहेर पडते. निघताना पोटभर पुरी-भाजी नको.

मे महिना आणि कांचनजंगा

शाळेच्या सुट्टीमुळे आपण मे महिना धरतो. हवा छान गार असते, पण धुरकट आकाश आणि ढगांमुळे 8,586 मीटर उंचीचं कांचनजंगा चार-चार दिवस दिसत नाही. जून ते सप्टेंबर पाऊस आणि दरडी. शिखर पाहायचं असेल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. त्यातही दसरा ते कोजागिरी हे दिवस टाळावेत. दुर्गापूजेच्या सुट्टीत अर्धं कोलकाता तिथे असतं, खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात. भाऊबीज आटोपून निघालात तर हवाही स्वच्छ आणि गर्दीही कमी.

टायगर हिलचा हट्ट

सगळ्यात जास्त निराशा इथे पदरी पडते. सूर्योदय पाहायला जायची टायगर हिल ही टेकडी 2,590 मीटरवर, शहरापासून सुमारे 11 किलोमीटर. गाड्या पहाटे साडेतीन-चारला निघतात. रस्ता अरुंद असल्यामुळे गर्दीच्या दिवसांत त्या खालीच अडकतात आणि शेवटचा चढ पायी चढावा लागतो. प्रवासाचा शीण उतरायच्या आत, पोहोचल्याच्या दुसऱ्या पहाटे मुलांना आणि आजी-आजोबांना उठवून नेणं ही चूक. हातात किमान दोन सकाळी ठेवा. ड्रायव्हरला आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा आणि तीन वाजता खिडकीतून बघा. चांदण्या दिसत असतील तर निघा, नाहीतर परत झोपा.

तिथे पोहोचल्यावर सगळे पूर्वेला सूर्याकडे कॅमेरे लावतात. खरं पाहायचं असतं ते डावीकडे, उत्तरेच्या बाजूला. सूर्य वर यायच्या काही मिनिटं आधीच कांचनजंगाच्या माथ्यावर उजेड पडतो आणि रंग भराभर बदलत जातात. फार स्वच्छ दिवशी एव्हरेस्टचं टोक दिसतं, पण अनेकजण मकालू या दुसऱ्या शिखरालाच एव्हरेस्ट समजतात. मकालू जवळ असल्यामुळे मोठं दिसतं.

आमचं स्पष्ट मत सांगतो. वयस्कर माणसं बरोबर असतील तर टायगर हिल सोडून द्या. चौरस्ता या शहराच्या मुख्य चौकातून महाकाल मंदिराच्या टेकडीला वळसा घालणारा सपाट रस्ता आहे. पहाटे तिथून तेच शिखर निवांत दिसतं, तेही फुकट.

टॉय ट्रेन

न्यू जलपाईगुडी ते दार्जिलिंग हा 88 किलोमीटरचा पूर्ण प्रवास सात-आठ तास घेतो, पावसाळ्यात तो मार्ग अनेकदा बंदही असतो. हौस भागवायला दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग ही सुमारे दोन तासांची जॉय राइड पुरते. वाफेच्या इंजिनाचं तिकीट डिझेलपेक्षा बरंच महाग आहे, आरक्षण करताना नीट पाहा. तिकीट तिथे जाऊन काढू, हा विचार सुट्टीच्या दिवसांत हमखास फसतो. ही गाडी बतासिया लूप (रुळांचं गोल वळण) आणि घूमला थांबते, त्यामुळे टॅक्सीवाल्याच्या ‘थ्री पॉइंट’ म्हणजे तीन ठिकाणांच्या फेरीमध्ये त्याच जागांचे पैसे पुन्हा जात नाहीत ना, हे विचारून घ्या.

खोली

नकाशावर ‘मॉल रोडपासून 200 मीटर’ दिसतं, पण ते अंतर आडवं की उभं हे कळत नाही. चौरस्त्यापर्यंत गाडी जात नाही, बॅगा हमालाकडून न्याव्या लागतात. फोन करून चारच गोष्टी विचारा: गाडी थांबते तिथून किती पायऱ्या? गरम पाणी किती ते किती? हीटरचे पैसे वेगळे का? शिखर खोलीतून दिसतं की गच्चीवरून? दार्जिलिंगला पाण्याची जुनी टंचाई आहे, अनेक हॉटेलं टँकरवर चालतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं हॉटेल बघा.

वार

पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं. रेड पांडा आणि हिमबिबट्या तिथेच आहेत, आणि 1954 साली स्थापन झालेली गिर्यारोहण संस्थाही त्याच आवारात आहे. चहाच्या मळ्यात रविवारी पानं खुडत नाहीत, म्हणून सोमवारी कारखान्यात पाहण्यासारखं फारसं नसतं. डिसेंबर ते फेब्रुवारी तर खुडणीच थांबलेली असते.

परतीचा दिवस

घाटातल्या कर्सियांग गावापर्यंतच्या रस्त्यावर, विशेषतः घूम आणि सोनादाला, कोंडी होते. विमानतळावर ज्या वेळी हजर राहायचं, त्याच्या पाच तास आधी हॉटेल सोडा. कर्सियांगच्या खाली रोहिणीचा रस्ता बंद असल्यास पांखाबारीचा उतार आहे. तो खडा आणि अरुंद आहे, फक्त छोट्या गाड्यांसाठी. त्यामुळे परतीला मोठी गाडी ठरवली असेल, तर निघण्याआधीच ड्रायव्हरकडून रस्त्याची खबर घ्या.