लहान पोरांना एकत्र खेळायला कसं शिकवायचं

सगळ्यात आधी पोराचं वय बघा. दोन-अडीच वर्षांचं लेकरू दुसऱ्याच्या शेजारी बसून स्वतःचंच खेळत बसतं, ते हट्टी नाहीये, त्या वयात तसंच असतं. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९३२ मध्येच हे लिहून ठेवलंय, ठरवून आणि कामं वाटून खेळणं साधारण चौथ्या वर्षाच्या पुढे येतं. म्हणून त्याआधी 'दे ना तिला खेळणं' म्हणून मागे लागू नका.

मग खेळ असा निवडा की एकट्याला जिंकताच येऊ नये. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात दुपारी बाहेर सोडायची सोयच नाही, तेव्हा घरातच जुनी साडी घ्या, चार पोरांना चार टोकं धरायला लावा, मधे बॉल टाका आणि सांगा की उडवायचा पण खाली पडू द्यायचा नाही. एकाने जोरात ओढलं की बॉल गेलाच, मग आपोआप 'ए हळू, थांब, आता वर' सुरू होतं, आपल्याला काही शिकवावं लागत नाही.

ऊन उतरलं की अंगणात साखळी, विष-अमृत, नाहीतर लगोरी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळी मामे-मावस भावंडं जमतात तेव्हा तर लगोरीच बेस्ट, पण एक गोष्ट नक्की करा, सगळ्यात लहान पोराला नुसतं लिंबूटिंबू म्हणून फिरवू नका. त्याला खरं काम द्या. मोठे बॉल चुकवत समोरच्यांना पळवतील आणि छोटा बसून सात ठिकऱ्या रचेल, शेवटची त्यानेच ठेवायची. आपल्यामुळे टीम जिंकली हे त्याला कळतं ना, ते फार महत्त्वाचंय.

भांडण होणारच, 'तू आऊट', 'नाही, लागलाच नाही'. मारामारी नसेल तर ओट्यावर बसून राहा, निकाल देऊ नका. फारच ताणलं तर एवढंच विचारा, 'मग आता काय ठरलं तुमचं?' आणि शाबासकी देताना नुसतं 'हुशार' नको, 'तू बॉल चुकवत त्यांना पळवलंस म्हणून तिला रचता आलं' असं सांगा.

हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असली की पत्रावळ्या मांडणं, कांद्याची पात निवडणं, पाणी वाढणं पोरांच्या टोळीवर सोपवा, कोण काय करणार ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. वांगी भाजायच्या जाळाजवळ मात्र मोठं माणूस हवंच.